गोठलेल्या पायांचा माणूस

पत्र एका आईचं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून थोडक्यात सांगते.

मुलगा दहा वर्षांचा. गेले काही महिने तो आणि त्याचे बाबा रात्री जेवणं झाली की 'बॅटमॅन : दि अ‍ॅनिमेटेड सिरीज' या जुन्या मालिकेचा एकेक भाग बघतात. बाबांची ही लहानपणची लाडकी मालिका. 'हार्ट ऑफ आइस' हा भाग संपला तेव्हा मुलगा हुंदके देऊन रडत होता. रडू आलं होतं ते मिस्टर फ्रीझसाठी, म्हणजे त्या भागातल्या खलनायकासाठी. "तो वाईट माणूस आहे रे, त्यानं किती लोकांना त्रास दिला," असं आईनं समजावलं, तर तो म्हणाला, "तुला काहीच कळत नाही. त्याचं बरोबर होतं."

आठ-दहा दिवसांनी शाळेतून बोलावणं आलं. मुलानं वर्गातल्या एकाच्या दप्तरातल्या वह्या काढून नळाखाली धरल्या होत्या. त्या मुलानं आधी याचा पुठ्ठ्याचा पूल पायाखाली तुडवला होता. विज्ञान प्रदर्शनासाठी दोन आठवडे खपून केलेला पूल. "भिजलेल्या वह्यांत एक वही दुसऱ्याच मुलीची होती, पण ते चुकून झालं," असं आई लिहिते. घरी जाब विचारला तेव्हा उत्तर आलं : "फ्रीझनं केलं तेच मी केलं. सुरुवात त्यानं केली होती."

बाबांचं म्हणणं, मालिकेचा यात काही संबंध नाही, मुलं भांडायचीच. आईला वाटतं, खलनायकाबद्दल कळवळा वाटायला लागणं हीच वाकड्या वाटेची सुरुवात. मालिका बंद करावी का? की आपणच बाऊ करतोय?

*

तुमचं पत्र आल्यावर मी तो भाग दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा पाहिला तो तुमच्या मुलाच्या जागी बसून. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, म्हणून पहिल्यांदा तेवढंच सांगते : त्याचं रडणं अगदी जागच्या जागी होतं.

ज्या वाचकांनी हा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी गोष्ट सांगायला हवी. व्हिक्टर फ्राइझ हा शास्त्रज्ञ. त्याची बायको नोरा असाध्य आजारानं मरायला टेकलेली. उपाय सापडेपर्यंत ती टिकावी म्हणून तो तिला थंड करून एका काचेच्या पेटीत ठेवतो. यंत्रं असतात तो नोकरी करतो त्या गॉथकॉर्प कंपनीची. कंपनीचा प्रमुख फेरिस बॉईल पहारेकऱ्यांना घेऊन प्रयोगशाळेत येतो आणि खर्च परवडत नाही म्हणून यंत्रं बंद करायला सांगतो. व्हिक्टर हातापाया पडतो, शेवटी बंदूक उचलतो. बॉईल गोड बोलून त्याला बंदूक खाली घ्यायला लावतो, आणि त्यानं ती घेताच लाथ मारून त्याला रसायनांच्या टेबलावर ढकलून देतो. नोरा गेली असंच तो धरून चालतो. तो स्वतः जगतो, पण आता फक्त गोठवणाऱ्या थंडीतच जगू शकतो. अंगात थंड ठेवणारा पोशाख, डोक्यावर काचेचा गोल. तो मिस्टर फ्रीझ होऊन सूड घ्यायला निघतो. आणि तिकडे बॉईलला काय मिळतं? माणुसकीसाठीचा पुरस्कार.

फ्रीझ हे पात्र कॉमिकमध्ये आलं 1959 साली, तेव्हा त्याचं नाव मिस्टर झीरो होतं. बर्फाची बंदूक घेऊन चोऱ्या करणारा एक गंमतीदार बदमाश, एवढंच. त्याच्यासाठी कोणी रडलं असेल असं मला वाटत नाही. 1992 सालच्या या भागात लेखक पॉल डिनी आणि दिग्दर्शक ब्रूस टिम यांनी त्याला नोरा दिली. तिच्यामुळे तो बदमाशाचा माणूस झाला. या लेखनाला एमी पुरस्कार मिळाला, आणि पुढे कॉमिकनंही हीच कहाणी आपली मानली. म्हणजे तुमचा मुलगा रडला तो चुकीच्या ठिकाणी रडला नाही. जिथे रडू यावं म्हणून ती बावीसेक मिनिटं रचली आहेत, बरोबर तिथेच त्याला रडू आलं. फ्रीझचा आवाज आठवून पाहा. मायकल अन्सारा या नटानं तो दिलाय. सपाट, कोरडा, एकही चढउतार नाही. हा माणूस म्हणतो, माझ्यातल्या भावना मेल्या. आणि त्याची एकेक कृती ओरडून सांगत असते की मेलेलं काहीच नाही. ही फट दहा वर्षांच्या मुलाला ऐकू आली. असा कान असणं ही मोठी गोष्ट आहे हो. ती दडपू नका.

"त्याचं बरोबर होतं" हे वाक्य मात्र वेगळं, आणि तिथे तुमची काळजी रास्त आहे. पण तुम्ही दोन गोष्टी एकाच गाठीत बांधल्या आहेत. त्याला फ्रीझचं वाईट वाटलं म्हणून त्यानं वह्या भिजवल्या, असा तुमचा हिशोब आहे. मला तो पटत नाही. वह्या भिजल्या त्या पूल तुडवला गेला म्हणून. फ्रीझचं नाव त्यानं नंतर घेतलं, जाब विचारल्यावर, कारण तेव्हा त्याला आपली बाजू मांडायला शब्द हवे होते आणि जवळचे, ताजे शब्द तेच होते. तो भाग त्यानं पाहिलाच नसता तर त्याच वह्या भिजल्या असत्या आणि तो नुसता "त्यानं आधी केलं" म्हणाला असता.

आता मला ज्या जागी थांबावंसं वाटलं तिथे येते. तुमच्या पत्रातलं ते अर्धं वाक्य : "पण ते चुकून झालं."

भागाच्या सुरुवातीला एक प्रसंग आहे, तो पुन्हा एकदा नीट बघा. फ्रीझ आपल्या माणसांना घेऊन चोरी करायला आलाय. बॅटमॅन येतो. झटापटीत फ्रीझच्या बंदुकीचा झोत बॅटमॅनला न लागता त्याच्याच एका साथीदाराला लागतो आणि त्याचे पाय बर्फात जखडतात. तो कळवळतोय. फ्रीझ त्याला तिथेच टाकून निघून जातो. त्याला तिथून उचलतो तो बॅटमॅन. हातचा गुन्हेगार सुटू देतो, त्या माणसाला आपल्या गुप्त गुहेत नेतो, त्याचे पाय मोकळे करायची सोय करतो.

हा माणूस नोराचा शत्रू नव्हता. प्रयोगशाळेत यंत्रं बंद झाली तेव्हा तो तिथे होता असंही कुठे सांगितलेलं नाही. फ्रीझनं त्याचे पाय मुद्दाम गोठवले नाहीत. "चुकून झालं" हे अक्षरशः खरं आहे. पण मग तो थांबला का? वळून तरी पाहिलं का? सगळा भाग या एका जागेवर उभा आहे असं मला वाटतं, आणि फ्रीझच्या दुःखात आपण इतके बुडतो की हा माणूस आपल्या लक्षातच राहत नाही. तुमच्या मुलाच्याही राहिला नसणार. आणि रागावू नका, पण तुमच्याही वहीवाली ती मुलगी राहिली नाही. तिचा उल्लेख तुम्ही "पण" लावून पुढे सरकवलात. तिनं बिचारीनं वर्गमैत्रीत वही दिली होती, ती लगदा होऊन परत आली. पत्रात पुढे तिचं काहीच नाही. तिला कोणी काही म्हणालं का, वही भरून मिळाली का, ती रडली का?

मुलाशी बोलायचं ते इथून बोलायचं. "फ्रीझ वाईट होता की चांगला" या प्रश्नानं सुरुवात केलीत तर तो वकील होईल आणि तुम्ही न्यायाधीश. तो हरणार नाही, कारण नोराची बाजू खरंच बळकट आहे. त्याऐवजी भाग पुन्हा एकत्र बघा. मध्ये थांबवू नका, हे बघ ते बघ करू नका. संपल्यावर थोडा वेळ जाऊ द्या आणि एवढंच विचारा, "त्या पाय गोठलेल्या माणसाचं पुढे काय झालं असेल?" उत्तर लगेच नाही आलं तरी चालेल. "त्याचं घर असेल का?" असं विचारलंत तरी पुरे. मग गप्प बसा. मी अनेक पालकांना पाहिलंय, प्रश्न सुंदर विचारतात आणि तीन सेकंदांत उत्तरही स्वतःच देऊन टाकतात. वहीचा विषय तुम्ही काढू नका. माझा अंदाज आहे, त्या रात्री किंवा चार दिवसांनी तो स्वतः काढेल. नाहीच काढला, तर आठवड्यानं सरळ विचारा की तिच्या वहीचं आपण काय करायचं.

तुमच्या वाट्याचं एक काम त्याच्याही आधी आहे, आणि ते जड जाईल. पत्रात मध्येच तुम्ही लिहिलंय की पूल मोडला त्या दिवशी तो घरी येऊन सांगत होता आणि तुम्ही म्हणालात, "जाऊ दे, आपण दुसरा करू." कोणत्याही आईच्या तोंडून सहज निघतं ते वाक्य. कामाच्या घाईत निघतं, भांडण वाढू नये म्हणूनही निघतं. पण त्याच्या बाजूनं ऐका. दोन आठवडे खपून केलेली वस्तू एकानं हसत हसत तुडवली, आणि घरचं माणूस म्हणतंय जाऊ दे. तुडवणाऱ्याला कोणी काही बोललं नाही. त्यानंतर आठवडाभरात त्यानं पडद्यावर पाहिलं की ज्यानं नोराची यंत्रं बंद केली त्याचा सत्कार चाललाय. मला विचाराल तर रडू फ्रीझसाठी आलं तसं थोडं त्या सत्कारासाठीही आलं असेल. "तुला काहीच कळत नाही" हे तुम्हाला लागलं, ते मी समजू शकते. ते बहुधा फक्त फ्रीझबद्दल नव्हतं.

तेव्हा आधी तुम्ही म्हणा : "त्या दिवशी तू पुलाचं सांगत होतास, मी जाऊ दे म्हटलं. माझं चुकलं. आता सांग, नीट ऐकते." त्याला सगळं सांगू द्या, कोणता पाय कुठे पडला ते सुद्धा. त्यात "पण तूही वह्या भिजवल्यास ना" असं जोडायचं नाही. ते दुसऱ्या दिवशीचं काम.

बॅटमॅन बॉईलचं काय करतो, हेही त्याला आठवून द्यायला हरकत नाही. मुलं म्हणतात बॅटमॅननं बॉईलला वाचवलं. खरंय, मरू दिलं नाही. पण सोडलंही नाही. त्या दिवशी प्रयोगशाळेत प्रयोगाचं चित्रीकरण चालू होतं आणि बॉईलनं केलेलं सगळं टेपवर होतं. ती टेप बॅटमॅन शोधून काढतो आणि शेवटी टीव्हीच्या वार्ताहराच्या हातात ठेवतो. बॉईल तेव्हा कमरेपर्यंत बर्फात अडकलेला असतो आणि सगळं शहर त्याचं खरं रूप बघणार असतं. म्हणजे फ्रीझला जे हवं होतं, बॉईलनं काय केलं ते जगाला कळावं, त्याची वाट होती. फ्रीझ त्या वाटेनं गेला नाही, कारण तिथवर त्याच्यासोबत जाणारं कोणीच नव्हतं. तुमच्या मुलासोबत जाणारं कोणी आहे. मोडका पूल अजून घरात असेल तर तो घेऊन त्याच्याबरोबर शाळेत जा. बाईंना दाखवा, कोणी पाहिलं ते त्याला सांगू द्या. तुडवणाऱ्या मुलाला शिक्षा व्हावी हा हेतू धरून जाऊ नका. मोठ्या माणसांनी हे ऐकून घेतलं, नोंद घेतली, एवढं त्याला दिसू द्या. वह्यांबद्दलही तिथेच, त्याच्याच तोंडून.

मालिका बंद करायची का? माझं मत स्पष्ट आहे : नको. बंद केलीत तर त्याला एकच अर्थ लागेल, वाईट वाटून घेणं हा गुन्हा आहे. पुढच्या वेळी तो रडणार नाही असं नाही, तुमच्यासमोर रडणार नाही. शिवाय ज्यांत खलनायक नुसता काळा आणि नायक नुसता पांढरा अशी कार्टून्स त्याला आता पुरणार नाहीत. त्यानं त्याच्या पुढचं पाहिलंय.

पण बाबांचं "काही संबंध नाही" हेही मला पुरेसं वाटत नाही. रोज रात्री दोघं शेजारी बसतात ही केवढी मोठी सोय आहे! लहानपणी आपल्याला फ्रीझबद्दल काय वाटलं होतं, हे बाबांनी त्याला कधी सांगितलंय का? मला खरंच उत्सुकता आहे. उपदेश नको, आठवण सांगा. रडला होतात का? बॉईलचा राग आला होता का? मुलाला हे कळू द्या की बाबांच्या पोटातही तेव्हा तसंच कालवलं होतं, आणि तरी ते कोणाच्या वह्या भिजवत फिरत नाहीत. या दोन गोष्टी एकाच माणसात नांदतात हे शेजारी बसलेल्या माणसाकडे बघून मुलाला जेवढं कळतं तेवढं दुसऱ्या कशानं कळत नाही.

अशीच पत्रं याआधीही आली आहेत, म्हणून इतरांसाठी थोडं. मूल पाच-सहा वर्षांचं असेल तर या भागातली नोराची पेटी त्याला वेगळ्याच कारणानं हलवून सोडू शकते. त्या वयात सूडबीड डोक्यात येत नाही, "आईला असं झालं तर?" हे येतं. त्याला खलनायकाविषयी समजावत बसू नका, जवळ घ्या आणि त्याचा प्रश्न ऐका. घरात नुकतं कोणी गंभीर आजारी असेल किंवा गेलं असेल तर हा भाग आधी स्वतः बघा, मग ठरवा. आणि मूल खलनायकाचं दुःख सोडून त्याच्या क्रूरपणातच रमत असेल, प्राण्यांना किंवा लहान मुलांना वारंवार इजा करत असेल, कोणाला लागलं तरी त्याला काहीच वाटत नसेल, तर तो विषय कार्टूनचा नाही. शाळेतल्या समुपदेशकाशी किंवा बालमानसतज्ज्ञाशी बोला, वेळ काढू नका. तुमच्या मुलात मला यातलं काही दिसत नाही. हुंदके देणारं मूल आहे ते.

थर्मासबद्दल लिहायचं राहिलंच. फ्रीझ शेवटी हरतो तो कसा? त्या भागात बॅटमॅनला चांगलीच सर्दी झालेली असते आणि त्याच्या घरचा सगळा कारभार बघणाऱ्या आल्फ्रेडनं त्याच्यासोबत गरम सूपाचा थर्मास दिलेला असतो. सगळी हत्यारं बाजूला राहतात आणि तो थर्मास फ्रीझच्या काचेच्या गोलावर आपटतो. थंड काचेवर एकदम गरम पडतं आणि काच तडकते. मालिका बनवणाऱ्यांनी तिथे दुसरी कुठलीही युक्ती लिहिली असती तरी चाललं असतं. त्यांनी घरच्या माणसानं काळजीनं दिलेली वस्तू लिहिली. फ्रीझला असं काही देणारं माणूस उरलं नव्हतं, आणि शेवटच्या दृश्यात कोठडीत तो काचेच्या गोळ्यातल्या छोट्या नर्तकीशी बोलत नोराची क्षमा मागत बसतो. क्षमा मागतो, हे मुलाच्या लक्षात आलंय का बघा. स्वतःचं सगळं बरोबर होतं असं त्याला तरी वाटतंय का?

याच मालिकेत 1994 साली 'डीप फ्रीझ' नावाचा पुढचा भाग आला. त्यात कळतं की नोरा मेलेली नाही, पेटीत अजून आहे. जग गोठवायला निघालेला ग्रँट वॉकर नावाचा एक धनाढ्य माणूस फ्रीझला सांगतो, मला तुझ्यासारखं कर, मी तुला नोरा परत मिळवून देतो. फ्रीझ तयारही होतो. मग बॅटमॅन त्याला नोराचीच आठवण करून देतो : तिच्यासाठी तू हे केलंस हे तिला कळलं तर तिला काय वाटेल? आणि फ्रीझ फिरतो, वॉकरच्याच विरुद्ध उभा राहतो. तोच माणूस, तेच दुःख. तुमच्या मुलाला हा भाग फार आवडेल.

पण तो इतक्यात लावू नका. आधी त्या मुलीची वही. कोरी वही विकत आणून देऊन भागवू नका. तिच्या मैत्रिणींकडून धडे मागून घ्या आणि पानं त्याला स्वतःच्या हातानं उतरवून काढू द्या, जितकी भिजली तितकी सगळी. हात दुखला तर मध्ये थांबू दे, शेजारी बसा, पण तुम्ही लिहू नका. वही तिला देताना काय म्हणायचं ते त्याचं तो ठरवेल. 'डीप फ्रीझ' त्या रात्री लावा, तिघं मिळून.